नैवेद्याआधीचा घास

दुपारच्या घंटेला थोडा वेळ उरला की चतुराबाई आमटीच्या हंड्यासमोर येऊन उभ्या राहायच्या. पदर खोचलेला, हात कमरेवर, मान किंचित तिरकी. कसलेल्या नटाने पहिलं वाक्य उच्चारण्याआधी समोरच्या अंधाराचा अंदाज घ्यावा, तशा त्या हंड्याकडे बघायच्या. मग झाकण बाजूला व्हायचं, वाफेचा लोट वर यायचा आणि बाई डोळे मिटायच्या.

"मीठ बसलं," एवढं त्या म्हणाल्या की झालं. "चिंच कच्ची हाय," म्हणाल्या की हंडा पुन्हा चुलीवर.

मिठाला वास नसतो, असं वरच्या वर्गाला शास्त्र शिकवणारे मास्तर सांगायचे. बाई त्यांना म्हणायच्या, "तुमच्या पुस्तकातल्या मिठाला नसंल."

आमटीचा थेंबसुद्धा त्या जिभेला लावत नसत. त्यांचं माहेर राजूरचं, गणपतीच्या देवळापासून दहा पावलांवर. आजी देवळाचा नैवेद्य रांधायची, आई रांधायची, आणि देवाच्या आधी चव घेणं म्हणजे अख्खं भांडं उष्टं करणं, हे चतुराबाईंच्या अंगात लहानपणीच मुरलं होतं. लग्न होऊन त्या घनसावंगीला गेल्या, पाच वर्षांत नवरा गेला, आणि भावाच्या आधारानं जुन्या जालन्यात आल्या तेव्हा सोबत एक ट्रंक आणि राजूरहून आणलेली वीतभर उंचीची गणपतीची मूर्ती होती. शाळेच्या स्वयंपाकघरातल्या कोनाड्यात ती मूर्ती बसली आणि तिच्यासोबत तो नियमही बसला. रांधताना तोंडानाकावर पदर बांधायचा. चाखायचं नाही. अन्न हुंगायचंही नाही. मग बाई स्वतः वाफ कशी घेतात, असं कुणी विचारलं तर उत्तर तयार होतं. "वाफ आपली आपण येती. मी कुठं तिच्या मागं जाते?"

ही शाळा मराठी, खाजगी, चार दानशूर माणसांच्या जिवावर चाललेली. निजामाच्या राज्यात अशी शाळा चालवणं सोपं नव्हतं. मुख्याध्यापक मार्तंड मास्तर तेवढ्याच काळजीनं दुपारच्या जेवणाकडे बघत, आणि त्याला कारण होतं. खेड्यांतली मुलं शिकायला जालन्यात खोल्या घेऊन राहायची आणि घरून सोमवारी आठवड्याच्या भाकरी बांधून आणायची. गुरुवारपर्यंत त्या भाकरींवर हिरवे ठिपके यायचे. कडूबा नावाचा एक हुशार मुलगा ते ठिपके नखानं खरवडून भाकर खायचा. एके दिवशी तो वर्गातच आडवा झाला. तीन आठवडे अंथरुणाला खिळला, कसाबसा वाचला, आणि त्याचा बाप त्याला गाडीत घालून घेऊन गेला. तो पुन्हा शाळेत आला नाही. त्याची पाटी मास्तरांच्या कपाटात तशीच राहिली.

त्यानंतर बाजारातल्या रामकिसन शेठनी ज्वारी द्यायची कबूल केली, डाळ दुसऱ्या कुणी दिली, आणि मास्तर चतुराबाईंकडे आले. "पक्वान्नं नकोत. पोटभर ताजं द्या. बुरशी माझ्या पोरांच्या पोटात जायची नाही, एवढं तुम्ही बघा," ते म्हणाले.

"जाणार न्हाई," बाई म्हणाल्या होत्या. त्या दोन शब्दांवर सात वर्षं ऐंशी मुलं जेवत होती.

दुसरं महायुद्ध संपायच्या आदल्या हिवाळ्यात बाईंना ताप आला. आठ दिवस त्या अंथरुणात होत्या. नवव्या दिवशी अंगात बळ नसताना शाळेत आल्या. सोनूबाई, त्यांच्या हाताखाली भाकरी थापणारी, नियमाप्रमाणे नाकावर पदर बांधून चुलीशी बसली होती. आमटी झाली, नैवेद्य झाला, पंगत बसली. दुसऱ्या ओळीतला भालचंद्र पत्रावळीवरून मान वर करून म्हणाला, "बाई, आमटी आज धुरकट लागून राह्यली."

मुलं हसली. बाईही हसल्या. मग स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी हंड्यात पळी घातली. तळाला डाळ लागली होती, चांगली काळी होईपर्यंत लागली होती, आणि त्या तिथंच उभ्या असून त्यांना कळलं नव्हतं.

त्यांनी हिंगाची डबी उघडून नाकाशी धरली. काही नाही. कांदा चिरला. डोळ्यांत झोंबला, नाकात काहीच नाही. कापूर हातावर चुरडला, घासलेटच्या चिमणीवर वाकून बघितलं. घराचे सगळे दरवाजे कुणीतरी बाहेरून लावून घ्यावेत, तसं झालं होतं.

जीभ मात्र शाबूत होती. घरी जेवताना खारट कळायचं, आंबट, कडू कळायचं. पण शाळेत जिभेचा उपयोग काय? जेवणाआधी ती वापरायची नाही, आणि जेवणानंतर कळून फायदा नाही.

सर्दीनं झालं असेल, उतरेल, असं म्हणत त्यांनी चार दिवस काढले. मग आणखी चार. कुणाला सांगितलं नाही. हंड्यासमोरचा प्रवेश मात्र रोज बरोबर व्हायचा. मान तिरकी, डोळे मिटलेले, आणि "मीठ बसलं." फरक एवढाच की आता त्या मिठाच्या मुठी मोजून घालायच्या. फोडणी कानानं ओळखायच्या. डाळ लागू नये म्हणून हंड्यापासून हलायच्या नाहीत. पंगत बसली की दाराच्या चौकटीला टेकून ऐंशी तोंडांकडे बघत राहायच्या. एखाद्यानं घास अडखळत गिळला तरी पाण्याचा तांब्या घेऊन पुढं व्हायच्या.

"कसं झालंय रे?" त्या विचारायच्या. सात वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. मुलं एकमेकांकडे बघायची.

पंधराव्या दिवशी रखमाजी गाडीवान शेठची ज्वारी घेऊन आला. त्या वर्षी धान्य परवान्यावर मिळायचं आणि मिळेल तसं घ्यावं लागायचं. सहा पोती होती. पण शेठचा शिरस्ता मोडला नव्हता. बाईंनी होय म्हटल्याशिवाय पोतं उतरवायचं नाही.

रखमाजीनं पहिल्या पोत्याचं तोंड सोडलं. "बघा जल्दी, बैलं ताटकळून राह्यलेत."

"तूच बघ की आधी," बाई म्हणाल्या. "इतकी वर्षं धान्य वाहतोस."

"माझं नाक तपकिरीनं कवाच गेलं," रखमाजी म्हणाला. "पोत्यात मेलेला उंदीर असला तरी मला न्हाई कळायचा. म्हणून तं शेठ म्हणत्यात, बाईला दाखव."

बाईंनी मूठभर ज्वारी घेतली. मुठीत तोंडाची वाफ सोडून ती नाकाशी नेली. धान्य भिजून दबलं असलं की ऊब लागताच कुबट वास येतो. सात वर्षांत ही मूठ एकदाही खोटी ठरली नव्हती. आता त्या मुठीत काहीच नव्हतं. दाणे पांढरे, टपोरे दिसत होते. रखमाजी बघत होता. दारातून सोनूबाई बघत होती.

"चांगली हाय," चतुराबाई म्हणाल्या. "उतरव."

शब्द तोंडातून गेला आणि त्यांना वाटलं, आपण नाटकात काम करतोय आणि भलत्याच पात्राचं वाक्य बोललो.

दुसऱ्या दिवशी त्या दळण आणायला कचरूच्या गिरणीवर गेल्या. कचरूनं पीठ डब्यात भरलं, चिमूटभर बोटांत चोळलं आणि विचारलं, "बाई, ही ज्वारी तुम्ही स्वतः बघितली?"

"बघितली. का?"

"काही न्हाई. तुम्ही बघितली म्हणल्यावर मी कोण बोलणार?"

बाईंचा हात डब्याच्या कडीवर थांबला. विचारावं का, की तुला कसला वास आला? पण एवढं विचारलं की सगळं उघडं. ज्या बाईकडे बाजार धान्य दाखवायला येतो, ती बाई गिरणीवाल्याला विचारते, हा काय प्रश्न झाला? त्या डबा घेऊन निघाल्या. पण कचरूचा प्रश्न शाळेपर्यंत त्यांच्या मागं मागं चालत आला.

परातीत पीठ मळायला घेतलं आणि धास्ती वाढली. पिठाला विरी नव्हती. गोळा धरत नव्हता, भाकर थापताना कडा फुटत होत्या. गरम पाणी घातलं तरी तेच.

"फुटून राह्यली," सोनूबाई पदराआडून म्हणाली.

"हवा कोरडी हाय," बाई म्हणाल्या.

"आसंल." सोनूबाईनं पुढची थापली. नाक बांधलेलं होतं तिचं. बांधायला बाईंनीच शिकवलं होतं.

तवा तापत होता, भाकरींची चळत वाढत होती, आणि चतुराबाईंना सारखी एकच बाई आठवत होती. द्वारकाबाई. सोनूबाईच्या जागेवर आधी ती होती. हाताला चवीची, तोंडाला फटकळ. एकदा मिरच्या नव्या आल्या होत्या, फार तिखट निघतील म्हणून तिनं पळीतली आमटी तळहातावर घेऊन चाटली होती. चतुराबाईंनी ते बघितलं. अख्खा हंडा गाईंपुढे ओतला, मुलांना त्या दिवशी भाकरीशी नुसता ठेचा दिला, आणि द्वारकाबाईला सगळ्यांदेखत सांगितलं, उद्यापासून येऊ नको. जाताना ती दारात थांबली होती. "शबरीची बोरं रामाला चालली," ती म्हणाली होती. "तुमचा गणपती लई कडक हाय, बाई."

तेव्हा बाईंना राग आला होता. आता तेच वाक्य भाकरीबरोबर उलटंपालटं होत होतं.

घंटा झाली. मुलं ओळीनं बसली. पत्रावळींवर भाकरी वाढून झाल्या, आमटी वाढून झाली. नैवेद्याची घंटी वाजेपर्यंत कुणी घास मोडायचा नाही, असा नियम. ऐंशी हात मांडीवर होते. कोनाड्यापुढे बाई नैवेद्याचं पान घेऊन उभ्या राहिल्या. एका हातात घंटी होती.

ती त्यांना वाजवता येईना.

वाजवली की ऐंशी हात पत्रावळीवर जातील. आणि त्यातली एखादी भाकर कुणाला आडवं करेल. नखानं हिरवे ठिपके खरवडणारा कडूबा त्यांना दिसला. कपाटातली पाटी दिसली. मूर्तीकडे बघितलं. राजूरची ती मूर्ती, आजीच्या, आईच्या हातचा नैवेद्य घेतलेली, आजवर कधी उष्टं न खाल्लेली.

बाईंनी घंटी खाली ठेवली, तोंडावरचा पदर सोडला, नैवेद्याच्या पानातल्या भाकरीचा तुकडा मोडला आणि देवासमोर, सगळ्या पंगतीसमोर तो तोंडात घातला.

सोनूबाईच्या हातातली पळी हंड्यात पडली. मुलं माना उंचावून बघू लागली, अगदी मागच्या ओळीतलीसुद्धा.

घास चावता चावता जिभेच्या मुळाशी कडवट चव पसरली. आधी हलकी, मग अशी की गिळवेना. बाईंनी तो घास पदरात काढला.

"भाकरीला हात लावू नका," त्या वळून म्हणाल्या. आवाज इतका साधा होता की मुलांना आधी कळलंच नाही. "कुणीच लावू नका. भाकर खराब हाय."

कुणीतरी मास्तरांना बोलावून आणलं. मार्तंड मास्तर आले ते चष्मा पुसतच आले. बाईंनी त्यांच्यापुढे भाकर धरली. त्यांनी ती नुसती नाकाशी नेली आणि त्यांचा चेहरा बदलला.

"चतुराबाई, हा वास तुम्हाला..."

"माझं नाक गेलंय," बाई म्हणाल्या. "पंधरा दिस झाले. एकालाबी सांगितलं न्हाई. कालची ज्वारी मीच पास केली. रखमाजीची चूक न्हाई, कचरूची न्हाई, सोनूची तं बिलकुल न्हाई. माझी हाय."

मास्तरांनी भाकर पानात परत ठेवली. त्यांना राग आला असता तर बाईंना बरं वाटलं असतं.

"आणि आज कसं कळलं?"

"चाखलं. देवाच्या आधी." बाईंनी मान खाली घातली. "नैवेद्य उष्टा झाला."

मास्तरांनी कोनाड्याकडे बघितलं. "कडू भाकर त्याला तरी कशाला द्यायची?" ते म्हणाले. मग पंगतीकडे वळून, "भालचंद्र, दोघं तिघं भडभुंज्याकडं जा. चुरमुरे, फुटाणे, जेवढे मिळतील तेवढे. माझं नाव सांग."

त्या दुपारी मुलांनी आमटीत चुरमुरे कालवून खाल्ले आणि वर फुटाणे. काहींना ते जेवण इतकं आवडलं की पुढं कित्येक दिवस ती मुलं भाकर खराब निघायची वाट बघत होती. सहाही पोती शेठकडे परत गेली. वरचं धान्य चांगलं होतं. मधलं पाण्यानं दबून काळं पडलं होतं.

दुपार कलल्यावर चतुराबाई द्वारकाबाईच्या दाराशी गेल्या. द्वारकाबाई अंगणात मिरच्या निवडत बसली होती. तिनं मान वर केली, परत खाली घातली. बस म्हणाली नाही.

"नाक गेलं माझं," बाई म्हणाल्या.

"ऐकलं. गावात तेच चालून राह्यलंय."

"शाळेत ये. तुझी जीभ पाहिजे."

"माझी जीभ?" द्वारकाबाईनं एका मिरचीचं देठ मोडलं. "तीच तं नको होती. गाईंनी खाल्ली माझ्या जिभेची आमटी."

"बरोबर हाय. बोल."

"बोलणारच. अख्ख्या गावात मला उष्टी म्हणत व्हते. तुम्हाला ठावं हाय का? हळदीकुंकवाला बोलवताना बाया विचार करायच्या."

चतुराबाईंना ठाऊक नव्हतं. त्या उभ्या होत्या त्या पायरीवरच बसल्या. द्वारकाबाई मिरच्यांची देठं मोडत राहिली.

"मी आले तं चाखीन," शेवटी द्वारकाबाई म्हणाली. "कोपऱ्यात तोंड लपवून न्हाई. पोरांसमोर, नैवेद्याच्या आधी. अन् सोनूच्या नाकाचा पदर सोडायचा."

"चाख."

"मीठ कमी आसंल तं कमी म्हणीन. तुमचं नाव मोठं हाय म्हणून गप न्हाई बसणार."

"तेच तं पाहिजे," चतुराबाई म्हणाल्या. "सगळे गप बसले म्हणून तं हे झालं."

दुसऱ्या दिवसापासून हंड्यासमोर दोन बाया उभ्या राहू लागल्या. द्वारकाबाई तळहातावर आमटी घ्यायची, जीभ टाळ्याला लावून टचकन आवाज करायची आणि निकाल द्यायची. पहिल्याच दिवशी तिनं साऱ्या पंगतीला ऐकू जाईल असं सांगितलं, "मीठ कमी." चतुराबाईंनी मिठाचं मडकं पुढं ओढलं. धान्य आलं की द्वारकाबाई हुंगायची, पोत्याच्या तळापर्यंत हात घालायची. नियम असा पडला की नैवेद्य चाखूनच देवापुढे जायचा. चार जुन्या माणसांनी नावं ठेवली, मास्तरांनी ऐकून घेतली.

उन्हाळा आला. एके सकाळी शाळेत नवा माठ आणला होता. चतुराबाई त्यात पाणी ओतत होत्या आणि त्यांचा हात थांबला. ओल्या मातीचा वास. अगदी पुसट, दुरून कुणीतरी हाक मारावी तसा. दुसऱ्या दिवशी हिंग आला. तिसऱ्या दिवशी फोडणीतला लसूण, आणि मग सगळंच.

त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

पुन्हा तीच लपवाछपवी सुरू झाली. उलट्या बाजूनं. वाफ आली की त्या मुद्दाम तोंड फिरवायच्या. कुणाच्या लक्षात यायला नको. कळलं तर द्वारकाबाई पदर झटकून निघेल. आणि नाकाचा भरवसा काय? एकदा जाऊन आलेलं नाक परत जाणार नाही, असं कुणी लिहून दिलंय? ती गेली आणि परत एखादी मूठ खोटी निघाली तर? ऐंशी मुलं एका बाईच्या नाकावर टांगून ठेवायची, हे आता त्यांच्यानं होणार नव्हतं.

आठव्या दिवशी आमटी उकळत असताना द्वारकाबाई पळी हातात घेऊन म्हणाली, "बाई, नाक कवा आलं?"

"कुणाचं?"

"रखमाजीचं," द्वारकाबाई म्हणाली. "काल फोडणी पडली तेव्हा तुमची मान मागं गेल्ती. करपायच्या आधीच गेल्ती. मी काय आंधळी हाय का?"

चतुराबाईंनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं, परत पुढं सारलं. "आठ दिस झाले."

"मंग बोलल्या का न्हाई?"

"तू गेली असतीस."

द्वारकाबाईनं पळी हंड्याच्या काठावर टेकवली. बाहेर वर्ग सुटायची गडबड सुरू झाली होती. सोनूबाई भाकरी थापायची थांबून दोघींकडे बघत होती, उघड्या तोंडानं, उघड्या नाकानं.

"उद्यापासून न्हाई आले, तं चालंल तुम्हाला?"

"घंटा व्हायला आली," चतुराबाई म्हणाल्या. "आधी आमटी चाख."

द्वारकाबाईनं पळी पुन्हा हंड्यात घातली. मग तिनं तळहातावर आमटी घेतली, जीभ टाळ्याला लावली. "चिंच कच्ची हाय," ती म्हणाली.

चतुराबाईंना ते मघाशी वाफेतच कळलं होतं. त्यांनी हंड्यावर झाकण ठेवलं आणि चुलीत आणखी एक लाकूड सारलं.